पितळ निघालं, आटे वाचले

जुन्या ट्रकच्या इंजिनात अंगठ्याएवढा एक पितळी तुकडा आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. त्याला कुणी टेंपरेचर सेन्सर म्हणतं, कुणी नुसतं ‘हीटचं बटण’ म्हणतं. त्याचं काम एकच, इंजिनातलं पाणी किती तापलंय ते ड्रायव्हरला सांगणं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यानंतर जे ट्रक रस्त्यावर आले, त्यांच्यात असे सेन्सर भरपूर असतात आणि ते आधी कॉम्प्युटरशी बोलतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या ट्रकमध्ये मात्र कॉम्प्युटर नाही. तिथे हा तुकडा थेट माणसाशी बोलतो, डॅशबोर्डवरच्या एका काट्यातून.

त्याच्या पोटात एक छोटी गोळी असते. थंड असताना ती विजेला जास्त अडवते, तापली की कमी अडवते. चावी फिरवली की वीज मीटरमधून तारेने सेन्सरपर्यंत येते, त्या गोळीतून जाते, पितळी अंगातून इंजिनाच्या लोखंडात उतरते आणि बॅटरीकडे परत जाते. पाणी तापलं की अडथळा कमी, अडथळा कमी की प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त की काटा वर. दहावीला आपण ओहमचा नियम शिकतो, तो इथे रोज रस्त्यावर धावत असतो.

हा काटा बंद पडला म्हणून ट्रक बंद पडत नाही. खरा धोका तिथेच आहे. रेडिएटर गळला, फॅन बेल्ट तुटला किंवा पाण्याचा पंप गेला तरी ड्रायव्हरला कळत नाही. इंजिन तापत जातं, सिलिंडर हेड वाकतं, गॅस्केट जळतं. ज्याच्या घरी एकच ट्रक आहे, त्याच्यासाठी तो खर्च म्हणजे वर्षभराची कमाई असू शकते.

गेल्या हिवाळी सुट्टीत असा एक तुटलेला सेन्सर बाहेर काढताना मी मदतीला होतो. आपल्या मराठी पानावर बहुतेक वेळा गड-किल्ले, शिबिरं आणि सणांबद्दल लिहिलं जातं. मी यावेळी या पितळी तुकड्याबद्दल लिहितो आहे.

आमचं गाव कराडजवळ आहे. महामार्गाच्या सर्व्हिस रोडला माझ्या बाबांचं छोटं गॅरेज आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे एक खोली. बाबा ईएमईमध्ये हवालदार होते, व्हेइकल मेकॅनिक. ईएमई कोअर १५ ऑक्टोबर १९४३ ला उभी राहिली आणि तिचं ब्रीदवाक्य ‘कर्म ही धर्म’ आहे, हे मला शाळेत येण्याच्या आधीपासून पाठ आहे. बाबांनी नोकरीत जबलपूरला तयार झालेल्या शक्तिमानवरही काम केलं आणि नंतर आलेल्या स्टॅलियनवरही. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘हवालदार’च म्हणतात.

नोकरीतल्या शेवटच्या वर्षांत एक जड भाग उतरवताना त्यांचा उजवा हात सापडला. हात वाचला, पण दोन बोटं नीट मिटत नाहीत. पाना धरता येतो, आवळता येत नाही. बाबांनी डावा हात तयार केला. तरी गावात बोलणारे बोलतातच, “हवालदाराच्या हातात आता जोर राहिला नाही.” मोठी कामं हळूहळू दुसरीकडे जायला लागली. सुट्टीत घरी गेलो तेव्हा गॅरेजच्या कपाटावर, कॅलेंडरच्या मागे, पुण्यातल्या सुरक्षारक्षकाच्या नोकरीचा फॉर्म ठेवलेला दिसला. अर्धा भरलेला होता. आई त्याबद्दल काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तात्या त्यांचा ट्रक घेऊन आले. तात्यांचा ट्रक १९९७ चा, सहा चाकी, वयाने माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. ते गुऱ्हाळावरून गूळ भरून पुण्याच्या बाजारात नेतात आणि येताना मिळेल तो माल आणतात. संक्रांतीच्या आधीचे दहा दिवस म्हणजे त्यांचा हंगाम. तिळगुळाला गूळ सगळ्यांनाच लागतो.

“हवालदार, हीटचा काटा म्हैनाभर मेलाय,” तात्या म्हणाले. “वाटंत एका ठिकाणी दाखवला. त्यांनी काढाय बघितला, तर वरनं मोडला. म्हणाले, हेड उतरवाय लागंल, आठ दिवस ठेवून जा. आठ दिवस कुठनं आणू? खंबाटकी चढताना भरल्या गाडीचा अंदाज नुसता वासावर घेतोय. हे निघंल का?”

बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. टॉर्च घेऊन ते बोनेटखाली वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. सेन्सरच्या वरचा, तार लागते तो भाग तुटलेला होता. पाना बसायचे सहा कोन घासून गोल झाले होते. हेडमध्ये उरलं होतं ते फक्त पितळेचं पोकळ नळकांडं, चहूबाजूंनी हिरवट-पांढऱ्या थराने धरलेलं.

“निघेल,” बाबा म्हणाले. “पण घाई केली तर हेडचे आटे जातील. मग खरंच हेड उतरवावं लागेल. मला दोन दिवस द्या.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. चावी टेबलावर ठेवून एसटीने घरी गेले.

हत्यार हातात घेण्याआधी बाबांनी मला सेन्सरच्या लोंबणाऱ्या तारेची तपासणी करायला लावली. चावी चालू करून तारेचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला क्षणभर टेकवायचं आणि लगेच काढायचं. मी टेकवलं तसा डॅशबोर्डवरचा काटा सरकन वर गेला. तार काढली, काटा खाली. म्हणजे मीटर ठीक, तार ठीक, दोष तारेच्या पुढे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. ती न करता सेन्सर बदलला आणि दोष तारेत निघाला, तर एवढा सगळा त्रास फुकट जातो.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. त्या नळकांड्याभोवतीची माती तारेच्या ब्रशने आणि हवेने साफ केली, कारण सेन्सर निघाला की तिथे भोक पडणार आणि भोवतीचा सगळा कचरा आत जाणार. आट्यांच्या फटीवर गंज सोडवणारं तेल टाकलं. रात्री झोपायच्या आधी पुन्हा, पहाटे उठल्यावर पुन्हा. पहिल्या दिवशी आम्ही पाना लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी एक जुनी सहा कोनी गोटी काढली, मापाने किंचित लहान. गोल झालेल्या कोनांवर ती हातोड्याने ठोकून घट्ट बसवली. बारा कोनी गोटी इथे चालत नाही, ती उरलेले कोनही खाते. मग हँडल माझ्या हातात दिलं.

“मी सांगेन तेव्हा ओढायचं. ‘थम’ म्हटलं की जिथे असशील तिथे थांबायचं.”

थम हा शब्द आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेला आहे. परेड ग्राउंडवर उस्तादांनी तो उच्चारला की दोन पावलांत अख्खी तुकडी खिळते. गॅरेजमध्ये तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबांनी डाव्या हाताची दोन बोटं गोटीवर हलकेच टेकवली, डॉक्टर नाडी बघतात तशी. मी ओढायला लागलो. हँडल थोडं फिरलं. मला वाटलं, सुटलं!

“थम.”

मी थांबलो. बाबा म्हणाले, “गोटी फिरतेय, तो नाही फिरत.” गोटी काढून पाहिली. खरंच, पितळेचा ताजा, चकचकीत भुगा गोटीत चिकटला होता. उरलेसुरले कोनही गेले. मग दातऱ्या लॉकिंग पकडीने धरून पाहिलं. पकड आवळली तसं पोकळ नळकांडं चेपायला लागलं. पुन्हा थम.

शेजारच्या टायरवाल्याकडचा एक दादा बघत उभा होता. तो म्हणाला, “काका, आत इझी-आउट ठोका, वर चार फुटी पाइप चढवा, झटक्यात निघंल.” बाबा हसले आणि त्यांनी मला उलट विचारलं, “का नको, सांग.”

मला उत्तर येत नव्हतं, तेव्हा त्यांनीच सांगितलं. इझी-आउट म्हणजे तुटलेला बोल्ट काढायचं पेचदार हत्यार. बोल्टमध्ये भोक पाडून ते उलटं फिरवत आत घालायचं, जसजसं फिरवू तसतसं ते रुतत जातं. भरीव पोलादी बोल्टला ते चांगलं. पण इथे पातळ, मऊ पितळेची नळी आहे. पेचदार हत्यार आत रुतलं की नळी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आट्यांत आणखी घट्ट बसते. वर लांब पाइप लावला की हाताला काही कळत नाही आणि ते हत्यार मोडतं. ते इतकं कडक पोलाद असतं की मोडलेल्या तुकड्याला साधं ड्रिल लागतच नाही. म्हणजे आधी पितळ अडकलं होतं, आता पितळात पोलाद अडकलं. मग हेड उतरवण्यावाचून इलाज नाही.

आम्ही रेडिएटरचा खालचा नळ सोडून पाणी एका स्वच्छ बादलीत घेतलं आणि बादलीवर लगेच झाकण ठेवलं. कुलंटची चव गोडसर असते आणि ते विषारी असतं, गॅरेजमधली कुत्री-मांजरं ते चाटू शकतात. मग बाबांनी नळकांड्याच्या आतला उरलेला भाग बारीक ड्रिलने मोकळा केला. ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस लावलं, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. लोखंडाचा कीस असता तर चुंबकाने उचलता आला असता. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ही काळजी. त्यानंतर सरळ कडांचं एक हत्यार त्यांनी आत हलकेच ठोकून बसवलं. ते नळीला आतून धरतं, पण पेचासारखं फुगवत नाही.

“आता तापवू,” बाबा म्हणाले. “आणि गार झाल्यावर फिरवू.”

इथे मला प्रश्न पडला. जाम झालेला नट तापवतात आणि गरम असतानाच फिरवतात, हे मी अनेकदा पाहिलं होतं. मग इथे गार होईपर्यंत का थांबायचं? बाबा म्हणाले, “वर्कशॉपमध्ये आमच्या उस्तादांनी असंच शिकवलं. लोखंडात पितळ अडकलं तर तापव, गार कर, मग फिरव. ॲल्युमिनियमच्या घरात पितळ असेल तर गरम असतानाच फिरव. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. निघायचं, एवढं खरं.”

मला आपल्या प्रयोगशाळेतली दुपदरी पट्टी आठवली. एका बाजूला पितळ, दुसऱ्या बाजूला लोखंड. सरांनी ती ज्योतीवर धरली होती आणि ती लोखंडाच्या बाजूला वाकली होती, कारण तेवढ्याच उष्णतेत पितळ लोखंडापेक्षा जास्त लांब होतं. जवळजवळ दीडपटीहून जास्त. ॲल्युमिनियम पितळेपेक्षाही जास्त पसरतं. मी गॅरेजच्या जमिनीवर खडूने हिशोब मांडला. सेन्सरचे आटे सुमारे १६ मिलिमीटर जाडीचे. तापमान १०० अंशांनी वाढलं तर पितळ व्यासात साधारण तीन शतांश मिलिमीटर वाढेल. तेवढ्याच उष्णतेत हेडच्या बिडाचं भोक दोन शतांशही वाढणार नाही. म्हणजे गरम असताना सेन्सर उलट जास्तच घट्ट! ॲल्युमिनियमचं घर असतं तर भोक सेन्सरपेक्षा जास्त मोठं झालं असतं आणि गरम असतानाच सुटलं असतं.

“मग तापवायचंच कशाला?” मी विचारलं. या प्रश्नावर आम्ही दोघांनी चहा पिता पिता विचार केला. आपण ज्योत पितळेवर धरतो, हेड मोठं आणि थंड असतं. पितळेला फुगायचं असतं, पण बीड त्याला जागा देत नाही. मग ते मऊ पितळ स्वतःच दबतं. गार झालं की आकसतं आणि आधीपेक्षा किंचित बारीक होतं. शिवाय या ओढाताणीत गंजाचा आणि क्षारांचा थर फुटतो आणि तेल आत शिरायला वाट मिळते. हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी आहे, पण आट्यांना तेवढा पुरतो.

बाबा जमिनीवरच्या आकड्यांकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “वीस वर्षं हे केलं. आज कळलं काय करत होतो ते.” माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांमध्ये ही सगळ्यात मोठी आहे, आणि तीत शाबासकीचा एकही शब्द नाही.

ज्योत बाबांनी स्वतःकडे ठेवली. डिझेलच्या नळ्या आणि वायरिंग यांच्यासमोर पत्रा उभा केला, सांडलेलं तेल पुसून घेतलं, वाळूची बादली जवळ ठेवली. थोडा वेळ ज्योत, मग पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं. शेवटचा थोडा कोमटपणा असताना मेणबत्तीचं टोक फटीवर टेकवायचं, मेण वितळून आत ओढलं जातं. मग मी हँडल धरायचं आणि बाबांची दोन बोटं हत्यारावर.

पहिल्या वेळी काही हललं नाही. दुसऱ्या वेळी हँडल थोडं आलं, मऊ, रबरासारखं. “थम. हे पितळ पिळतंय.” बाबांनी मला डोळे मिटायला लावले आणि दोन प्रकारचं ‘येणं’ ओळखायला शिकवलं. धातू पिळत असेल तर हँडल मऊपणे येतं, आवाज होत नाही, सोडलं की थोडं मागे जातं. आटे सुटले तर आधी काहीच होत नाही, मग एकदम ‘कट्’ असा बारीक आवाज येतो आणि त्यानंतर हाताला हलकं लागतं. पहिल्यात पुढे गेलात तर मोडणार. ताकद दोन्हीकडे सारखीच लागते, त्यामुळे जोरावरून काही ओळखता येत नाही, बोटांवरूनच येतं.

तोवर दुपार टळली होती. आईने डबा आणून ठेवला होता, तो तसाच होता. तिसऱ्यांदा तापवलं. गार होईपर्यंत आम्ही भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. बाबांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

यावेळी त्यांनी सुटण्याच्या दिशेने नव्हे, आधी आवळण्याच्या दिशेने किंचित रेटायला सांगितलं. मग उलट. पुन्हा आवळ, पुन्हा उलट. चौथ्या की पाचव्या वेळी माझ्या तळहातात आवाज झाला. हो, कानाआधी तळहातात. कट्. बाबांची बोटं हत्यारावरून उचलली गेली.

“चल,” ते म्हणाले. “पण पाव फेराच.”

पाव फेरा पुढे, थोडा मागे, तेलाचा थेंब, पुन्हा पाव फेरा. आटे सुटले म्हणून एकदम फिरवत गेलो तर सुटलेला गंजच आट्यांत अडकून पुन्हा जाम होतो. पूर्ण नळकांडं बाहेर यायला वीस मिनिटं गेली. ते माझ्या हातावर पडलं तेव्हा अजून किंचित कोमट होतं. बाबांनी आधी ते पाहिलंच नाही, ते टॉर्च लावून भोकात बघत होते. हेडचे आटे शाबूत होते.

नंतर नळकांडं उजेडात धरल्यावर खरी गंमत दिसली. त्याच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे जाड वेढे होते आणि वरून कडक झालेला चिकट मसाला. आधी कधीतरी कुणीतरी गळती थांबवायला तो भरला असणार. पण या सेन्सरला एकच तार असते. त्याची दुसरी ‘तार’ म्हणजे त्याचं पितळी अंग आणि आटेच. आट्यांवर एवढा टेप गुंडाळला की लोखंडाशी नीट संपर्क राहत नाही, वीज अडते आणि काटा खालीच राहतो. म्हणजे सेन्सर कदाचित मुळात बिघडलेलाच नव्हता. वरचा भाग तुटल्यामुळे आता ते तपासता येणार नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, “बिचारा ओरडत होता, याने तोंडात बोळा घातला होता.”

उरलेलं काम सोपं, पण तेही सावकाश. योग्य मापाच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरून तो हाताने फिरवून आटे साफ केले. भोकातून स्वच्छ पाणी ओतून आतला कीस वाहू दिला, दोनदा. नवा सेन्सर बसवण्याआधी स्टोव्हवर पातेल्यात त्याची परीक्षा घेतली. मल्टिमीटर लावून गार पाण्यात धरला तेव्हा ओहमचा आकडा मोठा होता, पाणी उकळायला लागलं तसा तो कितीतरी पटींनी खाली आला. मग आट्यांवर मसाल्याचा अगदी पातळ हात, पहिले दोन आटे कोरेच ठेवून. आधी नुसत्या बोटांनी जाईल तेवढा फिरवला, मग पान्याने बेताचा आवळला. पितळ पुन्हा कधीतरी काढावं लागणारच, हे बसवतानाच लक्षात ठेवायचं. कुलंट भरताना अडकलेली हवा काढली, कारण सेन्सरभोवती हवेचा फुगा राहिला तर काटा खोटं बोलतो.

इंजिन चालू केलं. काटा पाच मिनिटं खालीच होता. मग निघाला, हळूहळू चढत मध्यापर्यंत आला आणि थर्मोस्टॅट उघडल्यावर तिथेच स्थिरावला. रेडिएटरची वरची नळी गरम लागायला लागली. बाबांनी डाव्या हाताने नळी चाचपली, काट्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. ते केबिनमध्ये चढून बराच वेळ काट्याकडे बघत बसले. उतरल्यावर त्यांनी पैसे दिले, आणि मग थोडं थांबून म्हणाले, “हवालदार, गिअरबॉक्सबी आवाज करतोय. संक्रांत झाली की टाकतो तुमच्याकडं.” त्याच रात्री ते गूळ भरून पुण्याला गेले.

गिअरबॉक्स हे मोठं काम असतं. त्यासाठी वर्षभरात कुणी बाबांकडे आलं नव्हतं.

शाळेत परतल्यावर मी या कामाचा बराच विचार केला. आपण इथे ताकद कमावतो. दोर चढतो, भिंत ओलांडतो, शेवटच्या फेरीत जास्त जोर लावतो, आणि ते बरोबरच आहे. थम हा हुकूम आपण शिस्त म्हणून पाळतो. उस्ताद म्हणतात म्हणून थांबतो. बाबांच्या बोटांखाली मला थमचा आणखी एक अर्थ कळला. तिथे थांबल्यामुळे दर वेळी पुढचा प्रयत्न करायची जागा उरत होती. गोटी सरकली तेव्हा थांबलो म्हणून पकड लावून पाहता आली. पकडीने चेपायला लागलं तेव्हा थांबलो म्हणून नळी गोल राहिली. नळी गोल राहिली म्हणून आत हत्यार बसलं. आणि बाबांचा हात पूर्वीसारखा जोरदार असता, तर त्यांनी ही दोन बोटं एवढी तयार केली असती का, हा प्रश्न मी त्यांना अजून विचारलेला नाही.

ते तुटलेलं नळकांडं मी बरोबर आणलं आहे. सरांच्या परवानगीने ते प्रयोगशाळेत दुपदरी पट्टीच्या शेजारी ठेवलं आहे. आट्यांवरचा टेप मुद्दाम तसाच ठेवला आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जरूर बघावं. आणि घरी कुणाची जुनी गाडी असेल, तर पुढच्या सुट्टीत हीटचा काटा चालतो का ते आधी पाहावं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नये, आत दाबाखालचं पाणी असतं आणि ते अंगावर उडतं.

गेल्या रविवारी घरी फोन केला होता. आई म्हणाली, बाबांनी टॅपचा नवा संच मागवलाय, आणि उलट फिरणारी ड्रिलची पाती. ती पाती सोडवण्याच्या दिशेने कापतात, त्यामुळे कधीकधी भोक पाडता पाडताच अडकलेला तुकडा फिरून बाहेर येतो. दोन्ही वस्तू स्वस्त नाहीत. मग बाबा फोनवर आले. माझा अभ्यास, जेवण, थंडी असं सगळं विचारून झालं. ठेवता ठेवता म्हणाले, “उन्हाळ्याची सुट्टी किती दिवसांची असते रे तुमची?”